वऱ्हाडातली घरची केळ

केळीचे जमिनीवर दिसणारे खोड पानांच्या देठांचे बनलेले असते. प्रत्येक देठ खाली रुंद होत जातो, आपल्या आतल्या देठाला घट्ट लपेटतो आणि अशा थरांवर थर बसून मांडीएवढा जाड खांब उभा राहतो. या थरांना सोपटे म्हणतात. वाळल्यावर त्यांच्याच दोऱ्यांनी फुलारी हार बांधतात. खरे खोड मातीखाली असते, तो कंद. कंदाच्या मध्यभागी वाढीचे एकच टोक असते. त्यातून एकामागून एक पाने निघतात आणि पुरेशी पाने झाली की तेच टोक पाने थांबवून फुलोरा धरते. फुलोरा खांबाच्या गाभ्यातून वर चढतो आणि शेंड्यातून बाहेर पडतो. ही निसवण. टोक एकच असल्यामुळे एक खांब आयुष्यात एकदाच निसवतो आणि घड दिल्यावर मरतो. तोवर कंदाच्या कडेने मुनवे फुटलेले असतात आणि वंश त्यांच्यातून पुढे चालतो. घरी केळ लावली की आजी, आई, नात असे सगळे बेटच सांभाळावे लागते.

एक खांब जन्मभरात साधारण 30 ते 40 पाने काढतो. उबदार, दमट हवेत दर सात ते दहा दिवसांनी नवा पोंगा उलगडतो. पारा 15 अंशांच्या खाली घसरू लागला की ही गती निम्म्याहून कमी होते. अकोला-अमरावतीकडे पौषातल्या रात्री हे दरवर्षी घडते. निसवण पानांच्या हिशेबाने येते, त्यामुळे जे काही पाने अडवते ते घडही लांबवते, मग ती थंडी असो, पाण्याचा ताण असो की उपासमार. आणखी एक गोष्ट बहुतेक घरांत ध्यानात घेतली जात नाही. घडाला किती फण्या येणार हे निसवणीच्या दोन-तीन महिने आधी जमिनीखालीच ठरून गेलेले असते. घड डोळ्यांना दिसल्यावर घातलेल्या खताने केळी थोडी भरतात, पण फण्या वाढत नाहीत. केळीची खरी सेवा पहिल्या पाच-सहा महिन्यांत करायची असते, ती नुसती पानांची दिसते तेव्हा.

खाण्याच्या केळ्यांत बी नसते. आग्नेय आशिया आणि न्यू गिनीच्या परिसरातल्या दोन रानकेळींपासून, मुसा अ‍ॅक्युमिनाटा आणि मुसा बालबिसियाना यांपासून, माणसाने निवडून वाढवलेल्या या जाती आहेत. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक जातींच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असल्यामुळे बी धरत नाही. फळाच्या मध्यावर दिसणारे काळे ठिपके ही न वाढलेल्या बियांची खूण होय. म्हणून लागवड मुनव्यांनी किंवा प्रयोगशाळेत ऊतीपासून वाढवलेल्या रोपांनी करावी लागते. एका जातीची सगळी झाडे अंतर्बाह्य सारखी असतात आणि एका झाडाला जो रोग होतो तो शेजारच्यालाही तितक्याच सहज होतो.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतली केळीची शेती सातपुड्याचा पायथा धरून आहे. अकोट, तेल्हारा, अंजनगाव सुर्जी, अचलपूर या पट्ट्यात डोंगरातून उतरून जिरलेले गोडे पाणी विहिरींना लागते. अकोट तालुक्यातल्या पणजसारख्या गावांत केळीच्या बागा आहेत, तर अंजनगावकडे केळीला पानमळ्यांची सोबत आहे. तिथून थोडे दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यात उतरले की चित्र पालटते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत मिळून सुमारे 4.7 लाख हेक्टरांवर खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत बोअरचे पाणी पिण्यालाही नको आणि ओलितालाही नको अशा गुणाचे असते. कपाशी, तूर, हरभरा तिथे पावसाच्या ओलीवर निघतात. केळीला बाराही महिने पाणी हवे आणि खारेपणा तर तिला मुळीच सोसत नाही. वऱ्हाडात घरी केळ लावायची तर जातीची चौकशी नंतर करावी, आधी पाण्याची करावी.

पाण्यातले क्षार विद्युतवाहकतेवरून मोजतात. केळीसाठी ती मीटरला 1 डेसीसायमनच्या आत असावी. त्यापुढे वाढ खुंटू लागते. माती-पाण्याची तपासणी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे किंवा अमरावतीजवळच्या घातखेड आणि दुर्गापूर इथल्या कृषी विज्ञान केंद्रांकडे विचारून करून घेता येते. तपासणी झाली नाही तरी केळ स्वतः बोलते. जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग तपकिरी होऊन कागदासारख्या कुरकुरीत होतात, आणि ही करपलेली किनार सगळ्या पानाभर एकसारखी अरुंद असते. पाणी भरपूर असूनही हे दिसले तर दोष पाण्यातल्या मिठाचा आहे आणि आणखी पाणी ओतल्याने तो वाढतो.

याच कारणाने न्हाणीच्या सांडपाण्याचा नीट विचार करावा लागतो. मोरीच्या तोंडाशी केळ आणि अळू लावण्याची रीत जुनी आहे आणि ती शहाणपणाची होती. त्या काळी न्हाणीतून अंगावरचे पाणी आणि थोडी राख-माती जात असे. आता त्याच मोरीतून कपड्यांची पावडर जाते, आणि तिच्यात सोडियमचे क्षार भरपूर असतात. काळ्या मातीला सोडियम मिळाले की तिचे कण सुटे होऊन एकमेकांत बसतात, माती ओली असताना राळेसारखी चिकट आणि वाळल्यावर दगड होते, आणि पाणी वरच तुंबते. खारपाणपट्ट्यात निसर्गाने जे केले ते सांदवाडीतल्या चार फुटांत पावडरचे पाणी करून ठेवते. अंघोळीचे, तांदूळ-डाळी धुतल्याचे, भाज्या धुतल्याचे पाणी केळीला खुशाल द्यावे. कपडे धुतलेल्या पाण्याला वेगळी वाट काढून द्यावी. माती आधीच आवळली असेल तर जिप्सम उपयोगी पडते. त्यातले कॅल्शियम मातीच्या कणांवरून सोडियमला हटवते, पण सुटलेले सोडियम खाली वाहून न्यायला गोडे पाणी लागतेच. म्हणून जिप्सम पावसाळ्याच्या तोंडाशी टाकावे आणि पावसाकडून ते काम करून घ्यावे.

गोड्या पाण्याचा सर्वांत जवळचा साठा घराच्या छतावर पडतो. अमरावती-अकोला जिल्ह्यांच्या सपाटीवर वर्षाला सरासरी 750 ते 850 मिलिमीटर पाऊस होतो. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या छतावरून वाया जाणारे पाणी धरूनही वर्षाला 30,000 लिटर उतरते. भर वाढीतल्या केळीला मे महिन्यात रोज 18 ते 20 लिटर पाणी लागते. मार्चच्या सुरुवातीपासून मृगापर्यंतचे शंभर दिवस धरले तर एका खांबाला सुमारे 2,000 लिटर. दोन हजार लिटरच्या टाकीत पावसाचे पाणी साठवले तर एका केळीचा उन्हाळा निघतो. अकोल्यासारख्या शहरात नळाचे पाणी काही दिवसांआड येते, तिथे केळींची संख्या या हिशेबाने ठरवावी. चार तहानलेल्या केळींपेक्षा पोटभर पाणी मिळालेली एक केळ जास्त देते.

जागा निवडताना भिंतीपासून दूर राहणे हे वऱ्हाडात इतर ठिकाणांपेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. इथली खोल काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की हात जाईल इतक्या भेगा देत आकसते. भिंतीच्या एका अंगाला बारमाही ओल आणि दुसऱ्या अंगाला कोरडी माती राहिली तर पाया सारखा उचलला-दबला जातो आणि भिंतीला तिरपे तडे जातात. दोष केळीच्या मुळांवर येतो, पण ती बिचारी मऊ असतात आणि बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच पसरतात. भिंत तिच्या पाण्यामुळे हलते. आठ-दहा फूट अंतर सोडावे. सकाळपासून दुपारपर्यंत ऊन आणि पश्चिमेकडून आडोसा मिळेल अशी जागा उत्तम. निंब, आंब्यासारखे मोठे झाड पश्चिमेला असेल तर एप्रिल-मेची तिरपी झळ ते अडवते, मात्र त्याच्या अगदी बुडाशी केळ लावू नये. मुळांच्या चढाओढीत केळ हरते.

वारा हा दुसरा शत्रू. पान फाटणे ही केळीची स्वतःची सोय आहे, फाटलेले पान वाऱ्याला वाट देते आणि खांब वाचतो. थोड्या फाटण्याने नुकसान होत नाही. चिंध्या झाल्यावर मात्र पानातले पाणी झपाट्याने उडते. बागायतदार कुंपणाने शेवरीची दाट रांग लावतात. घरी शेवगा, गजराज गवत किंवा तुराट्यांचा ताटवा पुरतो. पक्की भिंत वारा अडवते खरी, पण तिच्यावरून उसळून आलेला झोत पलीकडे घोंघावतो. झिरपता आडोसा बरा.

जातींबद्दल थोडक्यात. बसराई पाच-सहा फुटांची, ठेंगणी आणि बुटक्या खांबाची असते; वावटळीत टिकण्याच्या दृष्टीने वऱ्हाडी अंगणाला तिच्याइतकी सोयीची दुसरी नाही. ग्रँड नैन, म्हणजे शेतकऱ्यांची जी-नाईन, साधारण सात-आठ फूट वाढते. घड मोठा, फण्या सुटसुटीत, आणि ऊतिसंवर्धित रोप सहज मिळते, म्हणून आज ती सगळीकडे दिसते. श्रीमंती आणि नांदेडकडची अर्धापुरी यांचेही घराणे तेच, कॅव्हेंडिश. वेलची केळे लहान, पातळ सालीचे आणि चवीला फार गोड. तिचा खांब उंच व सडपातळ असतो आणि फळ यायला जास्त दिवस लागतात, पण ज्या घरात सावली आणि पाणी दोन्ही आहे तिथे ती जरूर लावावी. वसईची राजेळी किंवा लाल केळ या दमट किनाऱ्याच्या जाती आहेत. त्या इथे जगतात, पण उन्हाळ्यात कष्टी दिसतात.

मुनवा घ्यायचा तर ओळख पानांवरून पटते. अरुंद, तलवारीच्या पात्यासारखी पाने आणि बुडाशी जाड असलेला मुनवा आईच्या कंदाशी घट्ट जोडलेला असतो, त्याचा स्वतःचा कंद सशक्त असतो. लहान वयातच रुंद पाने दाखवणारा मुनवा दिसायला गोंडस, पण त्याचा कंद पोसलेला नसतो, तो टाळावा. कंदाचे वजन अर्धा ते पाऊण किलो असावे. जुनी मुळे छाटून कंद धुऊन पाहावा. पांढरा, निरोगी कंद घ्यावा. काळसर बोगदे किंवा लालसर डाग असतील तर तो कंद घरात आणूच नये, कारण सोंडकिडा आणि मर रोग दोन्ही मुनव्यांबरोबरच फिरतात. ऊतिसंवर्धित रोप यातल्या बहुतेक धोक्यांपासून मोकळे असते आणि अकरा-बारा महिन्यांत घड देते. मुनव्याला पंधरा ते अठरा महिने लागतात. रोप कोवळे असते, त्याला पहिला महिना सावली आणि हातची काळजी हवी. शेजाऱ्याकडचा फुकट मुनवा ज्या झाडाचा आहे ते झाड आधी स्वतः जाऊन पाहावे.

लागवड केव्हा करावी यावर पुढचे सगळे वर्ष अवलंबून असते. केळीच्या प्रदेशात दोन हंगाम रूढ आहेत: जून-जुलैची मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची कांदेबाग. मृगात लावलेल्या रोपाला पावसाळा मिळतो, ते दिवाळीपर्यंत कमरेच्या वर जाते, हिवाळ्यात थांबत-थांबत वाढते आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निसवते. म्हणजे घड भरायची वेळ आणि 45 अंशांचा मे महिना एकत्र येतात. त्या वेळी नवे पान यायचे नसते. आहेत त्या पानांवर आणि आहे त्या पाण्यावर घड पोसायचा असतो. रोहिणीत सुटणारी वादळे येतात तेव्हा खांबाच्या शेंड्याला वीस-पंचवीस किलो लटकलेले असते. ऑक्टोबरात लावलेले रोप हिवाळा लहानपणी काढते, होळीनंतर जोर धरते आणि उन्हाळ्यात पानांवर असते. उन्हाने एखाददुसरे पान करपले तरी पुढचा पोंगा तयार असतो. ते जून-जुलैत निसवते आणि घड पावसाळी हवेत भरून नवरात्र-दिवाळीच्या आसपास उतरतो. करपलेले पान पुन्हा येते, भाजलेला घड येत नाही. म्हणून ज्या घरात उन्हाळ्याच्या पाण्याची शाश्वती नाही तिथे ऑक्टोबरची लागवड सुरक्षित. या लागवडीलाही उन्हाळ्यात पाणी लागतेच, पण एखाद्या आठवड्याची ओढ ती सोसून जाते. फेब्रुवारीत लावणारेही असतात. त्यांच्या रोपाला मे महिन्यात पाणी थोडे पुरते, मात्र तुराट्या किंवा हिरव्या जाळीची सावली केली नाही तर ते जागीच उकडते. चिखलदऱ्याला, 1,100 मीटरच्या उंचीवर, गोष्ट वेगळी आहे: तिथे उन्हाळा सौम्य, पण थंडीत केळ महिनोन्‌महिने गोठून बसते आणि घड खांबाच्या गळ्यातच अडकण्याचा धोका असतो.

खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल पुरतो. तो महिनाभर आधी खणून तापू द्यावा. चांगले कुजलेले शेणखत दहा किलो, वरची माती आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून भरावा. काळ्या जमिनीत एक सुधारणा आवश्यक आहे: लावणी आसपासच्या जमिनीपेक्षा थोड्या उंचवट्यावर करावी आणि श्रावणातल्या झडीचे पाणी बाहेर काढायला चर ठेवावी. केळीला पाणी हवे म्हणून तिला पाण्यात उभे करू नये. दोन-तीन दिवस पाणी साचून राहिले की मुळे गुदमरतात, पाने पिवळी पडतात आणि लोक पाणी कमी पडले समजून आणखी घालतात. दोन बेटांत बसराईसाठी पाच फूट आणि ग्रँड नैनसाठी सहा फूट अंतर असावे. गच्चीवर लावायचीच असेल तर बसराई, शंभर लिटरचा अर्धा ड्रम आणि तळाला मोठी भोके हवीत; पण वऱ्हाडातल्या उघड्या गच्चीवर मे महिन्यात ड्रमची मातीच भाजून निघते. बाजूने पोते गुंडाळून ओले ठेवल्याशिवाय आणि वर जाळी धरल्याशिवाय तिथे केळ टिकत नाही.

पाणी बुडाशी एका ठिकाणी न ओतता खांबापासून हात-दीड हात अंतरावर गोल आळ्यात द्यावे, कारण पाणी ओढणारी कोवळी मुळे तिथे असतात. हिवाळ्यात आठ-दहा लिटर पुरते, पावसाळ्यात उघडीप पडली तरच द्यावे. आळ्यावर आच्छादन घालणे हे उन्हाळ्यात पाण्याइतकेच मोलाचे. सोयाबीनचे किंवा हरभऱ्याचे कुटार, केळीचीच वाळलेली पाने, चिरलेली सोपटे, जे मिळेल ते चार-सहा इंच जाड पसरावे. खांबाला मात्र चिकटवू नये. मातीत भेगा पडल्या की मुळे तुटतात, आणि आच्छादन भेगाच पडू देत नाही. कुदळीने खोल खणणे याच कारणाने वर्ज्य. तण हाताने उपटावे.

केळ खादाड आहे. कृषी विद्यापीठांच्या शिफारशीनुसार एका खांबाला जन्मभरात सुमारे 200 ग्रॅम नत्र, 40 ग्रॅम स्फुरद आणि 200 ग्रॅम पालाश लागते. बाजारच्या खतांत सांगायचे तर सुमारे 435 ग्रॅम युरिया, 250 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 335 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. सुपर फॉस्फेट लावणीलाच द्यावे. युरिया महिन्या-महिन्याने मूठ-मूठ विभागून पहिल्या पाच-सहा महिन्यांत संपवावा आणि पालाश निसवणीपर्यंत पुरवावे. जुन्या पानांची टोके नारिंगी-पिवळी होऊन पान मधोमध दुमडले तर पालाश कमी पडले असे समजावे. खारपाणपट्ट्यात म्युरेट टाळून सल्फेट ऑफ पोटॅश घ्यावे, म्हणजे क्लोराइडची भर पडत नाही. चुलीची राख पालाशासाठी टाकण्याची पद्धत लाल, आम्ल जमिनीत ठीक आहे. वऱ्हाडातली माती मुळात विम्लधर्मी, तिला राखेने आणखी विम्ल करू नये. अशा जमिनीत लोह आणि जस्त असूनही मुळांना उचलता येत नाहीत, म्हणून नवी पाने फिकी-पांढुरकी निघतात. तेव्हा सूक्ष्म अन्नद्रव्यांची फवारणी पानांवर करावी. ज्यांना रासायनिक खत नको त्यांनी शेणखत दुप्पट करावे, पेंड द्यावी, आणि काढणीनंतरचा खांब व पाने त्याच आळ्यात कुजवावीत. केळीने उचललेले पालाश बरेचसे तिच्या खांबातच राहिलेले असते.

भाद्रपदात घरोघर महालक्ष्म्या बसतात आणि आंबील, पुरण, सोळा भाज्यांची पंगत केळीच्या पानावर वाढली जाते. सत्यनारायणाच्या चौरंगाला खुंट लागतात, लग्नाच्या दाराला खांब लागतात. घरात केळ असली की अर्धी गल्ली विळा घेऊन येते. देण्यात आनंद आहे, पण हिशेब माहीत असावा. निसवणीच्या वेळी खांबावर किमान आठ ते दहा धडधाकट पाने असली तरच घड नीट भरतो, आणि निसवल्यावर नवे पान येत नाही. म्हणून निसवलेल्या खांबाचे हिरवे पान कापू नये. पंगतीसाठी पाने काढायची ती जोमात असलेल्या, निसवायला अवकाश असलेल्या खांबाची, खालून, आणि एका वेळी दोनच. खुंटांसाठी नाहीतरी काढून टाकायचे असलेले मुनवे द्यावेत. ज्यांना पानांचाच छंद आहे त्यांनी एक बेट केवळ पानांसाठी राखावे आणि त्याच्याकडून घडाची अपेक्षा ठेवू नये.

मुनवे काढणे हे केळीच्या घरी सर्वांत टाळले जाणारे काम आहे. बेट गच्च भरलेले पाहून समाधान वाटते, पण दहा मुनवे एकाच आळ्यातले पाणी वाटून घेतात आणि कोणालाच पुरत नाही. आई निसवेपर्यंत येणारा प्रत्येक मुनवा दर पंधरा-वीस दिवसांनी जमिनीलगत विळ्याने छाटून त्याचे टोक कोरून टाकावे. निसवण झाली की तलवार-पानाचा एक सशक्त मुनवा राखावा, बाकी काढावेत. बेटात एका वेळी घडाची आई, वाढती मुलगी आणि नुकती फुटलेली नात, याहून जास्त माणसे नसावीत.

रोगांत विषाणूंचे रोग सर्वांत वाईट, कारण त्यांवर उपाय नाही. काकडीवरच्या मोझॅक विषाणूमुळे होणाऱ्या रोगाला खानदेशातले शेतकरी हरण्या म्हणतात. कोवळ्या पानावर शिरांना समांतर पिवळे पट्टे उमटतात, पान वेडेवाकडे होते, पोंगा सडतो. मावा हा विषाणू काकडी, भोपळा, दोडका, टोमॅटो, मिरची यांच्यावरून केळीवर आणतो. म्हणून पावसाळ्यात केळीलाच वेल चढवून दोडकी-भोपळे घेण्याची सवय मोडावी. वेलभाज्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लावाव्यात. पर्णगुच्छ रोगात पाने आखूड, ताठ होऊन शेंड्याशी झुपका होतो. यातले काहीही दिसले तर आधी माव्याचा बंदोबस्त करून झाड कंदासकट उपटावे आणि नष्ट करावे. त्याचा मुनवा कोणाला देऊ नये. करपा हा पावसाळी पानांवरचा बुरशीचा रोग तितका भयंकर नाही. ठिपके पडलेली पाने वेळेवर कापून बेट मोकळे ठेवले की घरगुती केळीत तो आटोक्यात राहतो. खांबातून चिकट डिंक गळताना दिसला तर आत खोडकिडा पोखरत आहे. लोंबणारी वाळकी सोपटे काढून खांब स्वच्छ ठेवणे हाच त्यावरचा चांगला प्रतिबंध. मर या बुरशीच्या रोगाने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ग्रो मिशेल ही जगाच्या व्यापारातली मुख्य जात संपवली आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आता त्याच बुरशीचा कॅव्हेंडिशलाही मारणारा चौथा वंश बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळला आहे. बुरशी मातीत वर्षानुवर्षे जगते, त्यामुळे परप्रांतातून हौसेने मुनवा किंवा माती आणणे हा सगळ्या जिल्ह्याला घातक शौक ठरू शकतो.

निसवताना आधी एक लहान, आखूड पान येते आणि त्यापाठोपाठ जांभळे केळफूल बाहेर पडून खाली वळते. पाकळ्या एकेक करून उचलतात, त्यांच्याखाली मादी फुलांच्या फण्या असतात. शेवटची फणी उघडल्यावर पुढची फुले नराची. त्यांना फळ धरत नाही. शेवटच्या फणीखाली वीतभर दांडा ठेवून केळफूल कापावे, म्हणजे त्याच्यावर जाणारी ताकद घडाला मिळते आणि घरात भाजी होते. फुलांतला कडक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढून, चिरून ताकाच्या पाण्यात ठेवले की तुरटपणा जातो. हाताला तेल लावावे आणि जुने कपडे घालावेत, केळीचा डाग कपड्यावरून निघत नाही. त्याच दिवशी दोन बांबू कैचीसारखे बांधून घडाच्या बाजूने टेकू द्यावा. दांड्यावर आणि घडाच्या पश्चिमेच्या अंगावर वाळलेली पाने बांधली तर उन्हाने साल काळी पडत नाही.

निसवणीपासून घड तयार व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात 90 ते 110 दिवस आणि थंडीत त्याहून जास्त लागतात. केळ्याच्या धारा गोलसर झाल्या, टोकावरचे वाळके फूल हात लावताच गळू लागले की घड काढावा. झाडावर पूर्ण पिकू दिल्यास साली तडकतात आणि पाखरे-वटवाघळे आधी पोचतात. घड सावलीत टांगून ठेवावा, वरच्या फण्या आधी पिकतात आणि घराला पंधरवडाभर पुरतात. एकदम पिकवायचे असेल तर फण्या सुट्या करून एखाद्या पिकलेल्या फळासोबत पोत्यात किंवा कुटारात झाकाव्यात. पिकलेल्या फळातून निघणारा इथिलीन वायू बाकीच्यांना पिकवतो. कॅल्शियम कार्बाइडच्या पुड्या वापरायला कायद्याने बंदी आहे. कच्ची केळी फ्रिजमध्ये ठेवू नयेत: 13 अंशांखाली त्यांची साल काळवंडते आणि नंतर ती नीट पिकत नाहीत.

घड उतरवल्यावर खांब एकदम बुडातून तोडू नये. वरचा निम्मा भाग कापून उरलेला महिना-दीड महिना उभा राहू द्यावा. त्यातला रस आणि अन्न खाली राखलेल्या मुनव्याकडे उतरते. मग तो चिरून आळ्यात पसरावा, अख्खा टाकल्यास सोंडकिडे त्यात घर करतात. प्रत्येक पिढीचा कंद आधीपेक्षा थोडा वर बसतो, मुळे उघडी पडू लागतात आणि खांब सहज कलंडतो, म्हणून दर पावसाळ्याआधी बेटाला मातीची भर द्यावी. तीन-चार पिढ्यांनंतर घड लहान होऊ लागले तर त्या बेटाचा एक निरोगी मुनवा किंवा नवे रोप दुसऱ्या जागी लावावे आणि जुन्या आळ्यात दोन वर्षे पालेभाजी, मेथी किंवा अंबाडी घ्यावी.